भरतीची वेळ आणि अकरावीचा फॉर्म
(पावस येथे दहावी उत्तीर्ण विद्यार्थी आणि पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दहावी पास झालेल्या सगळ्या मुलामुलींना मुबारकबाद. पेढे खाऊन झाले असतील. आता फॉर्म भरायचा आहे. गेल्या वर्षीपासून, म्हणजे 2025-26 पासून, अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे घरोघरी मोबाइल समोर ठेवून चर्चा चालू आहे. त्या चर्चेतलं एक वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे: ‘सायन्स घे, पण गणित सोड.’ आज मला फक्त या वाक्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात समुद्रापासून करू. इथे मागे बसलेल्या चाचांना मी विचारतो, आज भरती किती वाजता? घड्याळ आणि मोबाइल न बघता सांगायचं. बघा, दोघा-तिघांनी बोटं मोजायला सुरुवात केली. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळीही सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथी माहीत नसेल तर चाँदची तारीख घ्या. तिच्यात एक किंवा दोन मिळवले की तिथी येते, कारण आपला महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. पंधराच्या पुढे गेलात तर पंधरा वजा करून परत एकपासून मोजा.

हे चाचा शाळेत किती शिकले मला माहीत नाही, पण आत्ता त्यांनी जे केलं ते अकरावीचं भौतिकशास्त्र आहे. कसं ते सांगतो.

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. पूर्ण फेरी 360 अंशांची. 360 ला साडेएकोणतीसने भागा. सूर्याच्या मानाने चंद्र रोज साधारण 12.2 अंश मागे पडतो. आता पृथ्वी स्वतःभोवती 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला 4 मिनिटं. 12.2 गुणिले 4 केले की 49 मिनिटं येतात. काल जितक्या वाजता चंद्र तुमच्या डोक्यावर होता, त्यापेक्षा आज 49 मिनिटं उशिरा येणार, आणि भरती चंद्राच्या मागे असल्यामुळे तीही तितकीच उशिरा येणार. चाचांची पाऊणपट म्हणजे तिथीमागे 45 मिनिटं. तेव्हा चाचा बरोबर आहेत, मिनिटा-दोन मिनिटांचा नाही पण होडी लोटण्यापुरता हिशेब चोख आहे.

आता दहावीत शिकलेली रेषा आठवा. अकरावीत तुम्ही ती परत शिकणार: वाय बरोबर एमएक्स अधिक सी. एक्स म्हणजे दिवस, वाय म्हणजे भरतीची वेळ. एम हा रेषेचा चढ, तो चंद्र ठरवतो, म्हणून तो मुंबईला आणि पावसला सारखाच. सी मात्र प्रत्येक बंदराचा वेगळा, कारण किनाऱ्याचा आकार, खोली, खाडीची लांबी वेगवेगळी. मुंबईची वेळ पूर्णगडला जशीच्या तशी लागू पडत नाही ती या ‘सी’मुळे. चाचांनी ‘सी’ शून्य धरला आहे. तुम्हाला तो काढता येईल. ते काम मी शेवटी देणार आहे.

हे सगळं का सांगितलं? कारण आपल्या मुलांच्या डोक्यात बसलंय की गणित ही कुठली तरी बाहेरची, शहरातली, दुसऱ्यांची वस्तू आहे. ती तुमच्या घरातली आहे. फक्त घरात तिला कोणी ‘गणित’ म्हणत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जरा कडू. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची आपली कितीतरी घरं जहाजांवर वाढली. कुणाचे आजोबा खलाशी, कुणाचे सारंग, कुणाचे तांडेल. त्यांनी अख्खं जग पाहिलं, पण डेकवरून आणि बॉयलरशेजारून पाहिलं. जहाज कुठल्या दिशेला न्यायचं हे ठरवणाऱ्या खोलीत त्यांच्यापैकी फार थोडे पोहोचले. समुद्र त्यांना कमी कळत होता म्हणून नव्हे. त्या खोलीत जायला परीक्षा होती आणि परीक्षेत गणित होतं.

आज ती परीक्षा सगळ्यांना खुली आहे. मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचं तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यावी लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांत मिळून सरासरी 60 टक्के हवेत, इंग्रजीत 50 टक्के हवेत, आणि डोळे चांगले हवेत. आडनाव विचारत नाहीत, मोहल्ला विचारत नाहीत. पण ज्या मुलाने अकरावीच्या फॉर्मवर गणित खोडलं, त्याच्यासाठी हे दार त्याच दिवशी बंद झालं. आजोबांना ते दार दुसऱ्या कुणी तरी बंद केलं होतं. नातू स्वतः करतो, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, मित्राने सांगितलं म्हणून.

इतर दारंही मोजू. महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जी सीईटी आहे ती 200 गुणांची, त्यातले 100 गुण एकट्या गणिताचे. एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे, आणि नौदल किंवा हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. 2022 पासून एनडीएत मुलीही आहेत, हे मुलींनी लक्षात ठेवावं. आर्किटेक्ट व्हायचं, गणित. गावात जांभ्याची घरं बांधणारे आपलेच कारागीर, पण नकाशावर सही करणारा बाहेरचा, असं किती दिवस चालायचं?

मग आपली मुलं गणित सोडतात का? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण चुकीची माहिती. ‘डॉक्टर व्हायचं आहे, नीट द्यायची आहे, मग गणित कशाला?’ नीटमध्ये गणिताचा पेपर नाही, हे खरं. पण 720 पैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे आहेत, आणि भौतिकशास्त्र गणिताच्या पायावरच उभं आहे. सदिश, त्रिकोणमिती, आलेख, लॉगरिदम ज्याला येत नाहीत तो तिथेच अडतो. पुढे नीटमध्ये गुण कमी पडले, आणि बहुतेकांचे पडतात, तर त्याच्या हातात दुसरी वाट उरत नाही. म्हणून माझा सल्ला: जीवशास्त्र घ्या, खुशाल घ्या, पण झेपत असेल तर गणितही ठेवा. अभ्यास वाढेल, वाटा दुप्पट होतील. आणि आधीच ठरलं असेल की इंजिनिअरिंगकडेच जायचं, तर दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमाही आहे. रत्नागिरीत शासकीय पॉलिटेक्निक आहे. पण गणित तिथेही आहे. त्याच्यापासून पळून जाऊन पोहोचता येईल असं गाव या रस्त्यावर नाही.

दुसरं कारण भाषा. हे मी स्वतः भोगलं आहे. मी उर्दू माध्यमातून दहावी केली. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत. पहिल्या चाचणीत मला 25 पैकी 4 मिळाले. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचं एक पान वाचायला दीड तास लागायचा. मला वाटलं, आपल्याला फिजिक्स येत नाही. हळूहळू कळलं की फिजिक्स येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

मी एक वही केली. तीन रकाने: इंग्रजी शब्द, उर्दू शब्द, मराठी शब्द. फोर्स, कुव्वत, बल. ग्रॅव्हिटी, कशिश-ए-सकल, गुरुत्वाकर्षण. इक्वेशन, मुसावात, समीकरण. दिवाळीपर्यंत साधारण तीनशे शब्द झाले, आणि त्यानंतर वहीची गरज पडली नाही. पाठ्यपुस्तकाची भाषा फार मोठी नसते, तेच तेच शब्द फिरून येतात. मराठी माध्यमातल्या मुलांनी दोन रकान्यांची वही करावी. तुम्हाला पहिल्या चाचणीत कमी गुण पडतील. त्या गुणांवरून स्वतःची किंमत ठरवू नका आणि त्या आठवड्यात विषय बदलायचा अर्ज देऊ नका. एवढं एक वचन मला द्या.

त्या ‘मुसावात’ शब्दावर क्षणभर थांबतो. उर्दूत समीकरणालाही मुसावात म्हणतात आणि समतेलाही. आपण सभांमध्ये मुसावात मागतो, संविधानाने ती दिली आहे असं सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण समीकरणाचा नियम काय? एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूला करावं लागतं. घरात मुलाला क्लास लावला आणि मुलीला सांगितलं ‘तू आर्ट्स घे, जवळ आहे’, तर ते समीकरण तिथेच चुकलं.

हेच तिसरं कारण. मुलगी हुशार असते, दहावीला भावापेक्षा दहा टक्के जास्त असतात, आणि घरात चर्चा एसटीच्या वेळेवर येऊन थांबते. वीस-बावीस किलोमीटरचा प्रवास, प्रॅक्टिकल संपायला उशीर, पावसाळ्यात अंधार. ही काळजी खोटी नाही, मी तिची थट्टा करणार नाही. पण काळजीचं उत्तर मुलीचा विषय बदलणं नाही. चार मुली एकत्र जातील अशी सोय करा, प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ कॉलेजशी बोलून घ्या. आणि पैशाचं म्हणाल तर 2024-25 पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं आहे. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसीत येतात. ज्या कुठल्याच आरक्षणात येत नाहीत त्यांना, अटी पूर्ण होत असतील तर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो. दाखले आत्ता काढायला घ्या. बारावीच्या निकालानंतर तहसीलला रांग लागते.

मरियम मिर्झाखानीचं नाव ऐकलंय का? 1977 साली तेहरानला जन्मलेली मुलगी. लहानपणी एक वर्ष तिचं गणित चांगलं गेलं नाही. शिक्षकांना वाटलं हिच्यात काही विशेष नाही, आणि तिचीही गणितातली गोडी उडाली. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले, त्यांनी हिंमत दिली. 1994 आणि 1995 या दोन्ही वर्षी तिने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं, दुसऱ्या वर्षी तर पैकीच्या पैकी. 2014 मध्ये तिला फील्ड्स पदक मिळालं. गणितातला हा सर्वोच्च सन्मान मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. 2017 मध्ये ती कर्करोगाने गेली, अवघी चाळीस वर्षांची. मला यातलं पदक जितकं महत्त्वाचं वाटतं तितकंच ते वाईट गेलेलं एक वर्ष वाटतं. त्या वर्षी कुणी तिचा विषय बदलला असता तर?

आता आपल्या एका सवयीबद्दल बोलतो. आपल्या जलशांमध्ये इब्न अल-हैथम, अल-ख्वारिझ्मी, अल-बिरूनी यांची नावं अभिमानाने घेतली जातात. ‘अल्जिब्रा’ हा शब्दच अल-ख्वारिझ्मीच्या किताबाच्या नावातून आला, हे सांगून टाळ्या मिळतात. आणि घरी आल्यावर मुलाला सांगतो, गणित सोड. अभिमान असेल तर त्यांनी जे केलं ते थोडं तरी करून बघू.

अल-बिरूनीने पृथ्वीचं माप कसं काढलं ते ऐका. सुमारे हजार वर्षांपूर्वी, आज पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या नंदना इथल्या डोंगरावर तो चढला. आधी डोंगराची उंची मोजली. मग माथ्यावरून क्षितिज किती अंश खाली दिसतं ते मोजलं. पृथ्वी सपाट असती तर ते अगदी समोर, डोळ्याच्या रेषेत दिसलं असतं. ती गोल आहे म्हणून किंचित खाली दिसतं. उंची आणि तो एक कोन, एवढ्यावरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या काढता येते. त्यातलं गणित ज्या ‘कोसाइन’मध्ये आहे ते तुम्ही येत्या वर्षी शिकणार आहात.

त्याला सपाट क्षितिजासाठी मैदान शोधावं लागलं. आपल्याला अल्लाहने समोर अख्खा अरबी समुद्र दिला आहे. शंभर मीटर उंचीच्या सड्यावर उभे राहा, तर क्षितिज साधारण 36 किलोमीटरवर असतं आणि ते सुमारे एक तृतीयांश अंश खाली दिसतं. इतका बारीक कोन मोजायला किती चांगलं उपकरण आणि किती धीर लागला असेल याचा विचार करा. हाच अल-बिरूनी संस्कृत शिकला आणि त्याने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. अल-ख्वारिझ्मीनेही हिंदी अंकांवर पुस्तक लिहिलं, आणि तेच अंक पुढे युरोपात ‘अरबी’ म्हणून गेले. ज्ञानाला धर्माचा शिक्का लावायची घाई त्यांनी केली नाही. आपणही करू नये. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. ते जितके मुर्डीचे तितकेच आपलेही.

आपला कोकण विभाग बोर्डाच्या निकालात राज्यात पहिला येतो, आणि आपण खूश होतो. पास होण्यात आपण मागे नाही. प्रश्न पास झाल्यानंतरचा आहे. 2006 च्या सच्चर समितीने नोंदवलं होतं की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो आणि पदव्युत्तरला 50 मागे एक. यात भेदभावाचा, गरिबीचा, शाळांच्या अवस्थेचा वाटा आहे आणि त्याबद्दल बोलत राहिलंच पाहिजे. पण त्या आकड्यातला थोडा हिस्सा आपण आपल्या हाताने अकरावीच्या फॉर्मवर लिहितो. तेवढा तरी आपल्याला लगेच पुसता येईल.

आता अभ्यासाचं. थोडक्यात चार गोष्टी.

एक, अकरावी हे विश्रांतीचं वर्ष नाही. सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो, आणि बारावीचं कलनशास्त्र अकरावीच्या त्रिकोणमितीवर उभं राहतं. अकरावी झोपून काढलेला मुलगा बारावीत दोन वर्षांचा अभ्यास करतो.

दोन, उत्तर बघून उदाहरण ‘समजलं’ म्हणजे आलं नाही. पुस्तक बंद करून, कोऱ्या कागदावर, स्वतः सोडवा. अडलात तर वीस मिनिटं अडून राहा. शिकणं त्या वीस मिनिटांत होतं. चुकलेल्या उदाहरणांची वेगळी वही ठेवा आणि परीक्षेआधी तीच वाचा. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा हाताने आकडेमोड आणि लॉग टेबलची सवय पहिल्या महिन्यापासून लावा.

तीन, सूत्र पाठ करण्याआधी ते आजूबाजूला शोधा. पाच मीटर उंचीवरून हापूस सुटला तर जमिनीवर यायला एक सेकंद लागतो आणि तो ताशी 36 किलोमीटरच्या वेगाने आपटतो. आंबा झेल्याने का उतरवायचा, हे बागेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्हाला आता आकड्यातही माहीत आहे.

चार, महागडा क्लास नाही म्हणून रडू नका. बालभारतीची पुस्तकं मोफत डाउनलोड होतात, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. चौघांचा गट करा. जे आपल्याला कळलंय ते दुसऱ्याला समजावून सांगितलं की पक्कं होतं.

मोठ्यांकडे आणि जमातीच्या जबाबदार मंडळींकडे एकच मागणी आहे. एक खोली, एक पंखा, दोन ट्यूबलाइट, एक फळा. मगरिबनंतर इशापर्यंत ती खोली अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ठेवा, आणि मुलींसाठी त्यांना सोयीची वेळ वेगळी द्या. सुट्टीत घरी आलेल्या इंजिनिअर मुलाने आठवड्यातून दोन तास द्यावेत. आणि दाराशी कुणाला नाव विचारू नका. गावातलं जे मूल गणित घेऊन येईल ते आपलं.

प्रत्येकाने गणितच घ्यावं असं मी म्हणत नाही. कुणाला कॉमर्स आवडतं, कुणाला इतिहास, कुणाचे हात यंत्रावर चांगले चालतात, त्याने आयटीआयला जावं. आवडीने सोडलेला विषय ठीक आहे. भीतीने सोडलेला आयुष्यभर सलतो. फॉर्म भरताना एकट्याने स्वतःला विचारा: मी हे आवडीने करतोय की भीतीने?

आता तुमचं काम. आजपासून पंधरा दिवस रोज भरतीची वेळ टिपा. खाडीच्या धक्क्यावर एक खूण करा, पाणी सगळ्यात वर कधी आलं ते लिहा. रोजचा फरक नेमका 49 मिनिटं येणार नाही. उधाणाच्या दिवसांत कमी येईल, भांगाच्या दिवसांत जास्त येईल. तरीही आलेख काढा, बिंदूंमधून रेषा ओढा, तिचा चढ काढा, आणि आपल्या पावसचा ‘सी’ किती ते शोधा. मग तो कागद घेऊन चाचांकडे जा आणि त्यांना दाखवा. ते हसतील आणि म्हणतील, हे तर मला माहीत होतं. त्यांना म्हणा, हो चाचा, तुमचंच आहे, मी फक्त पुढे नेतोय.